तीनशे सतरा एक

४ फेब्रुवारी

मालकांनी आज एक बारीकसं हस्तलिखित माझ्या टेबलावर ठेवलं. गणिताचं आहे, तुम्हीच बघा, म्हणाले. मी म्हटलं, मी साहित्याचा माणूस. ते म्हणाले, चूक ती चूक, तिला विषय नसतो. छापखान्यात मुद्रितशोधक मी एकटाच उरलोय, त्यामुळे 'तुम्हीच' या शब्दाने फुगून जाण्यासारखं काही नव्हतं.

लेखिका कॉलेजातून निवृत्त झालेल्या. सबंध पुस्तक एकाच संख्येवर. ही संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः एवढं सोडून तिला कशानेही पुरता भाग जात नाही. तिच्यात तीनशे सतरा आकडे आहेत आणि ते सगळेच्या सगळे १ आहेत. पहिल्या प्रकरणाआधीचं पान नुसत्या तिचंच.

पान समोर धरून बसलो. वाचायला सुरुवात कुठून करायची ते कळलं. का करायची ते कळेना.

९ फेब्रुवारी

पहिलं प्रूफ तपासून दिलं.

आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्याला सगळे ओळंबा म्हणतात. रेषा जराशी कलली तरी त्याचं डोकं दुखतं, म्हणून. त्याने संख्या एका ओळीत एकवीस अशी लावली होती. पंधरा ओळींत पान भरलं आणि दोन १ उरले. ते उलटून पुढच्या पानावर गेले. अख्ख्या कोऱ्या पानावर दोनच. आमच्या धंद्यात असं पान जाऊ देणं म्हणजे पाहुण्यांसमोर बनियनवर येणं. मी लाल पेनाने खूण केली, शेवटचे दोन गाळा. ओळंब्याला लगेच पटलं. म्हणाला, मलाही ते खुपतच होते.

एवढ्या गर्दीतून दोघे उठून गेले तर कोणाला कळणार आहे.

११ फेब्रुवारी

कळलं.

बाई स्वतः आल्या. कॉलेजात त्यांना सगळे बाई म्हणत, आता मालकही म्हणतात. चष्मा कपाळावर, खांद्याला कापडी पिशवी, हातात माझं प्रूफ. "हे दोघे कोणी मारले?" असं विचारलं. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ओळंबा पाणी प्यायला गेला.

त्या रागावतील अशी तयारी करून बसलो होतो. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला भागाकार करायला लावले. तीन एक मांडा, भाग कशाने जातो? सदतीसने. चार एक? अकराने. पाच? इथे मी अडकलो. एक्केचाळीसने, त्या म्हणाल्या, करून बघा. केलं. गेला. मग त्यांनी सांगितलं की तीनशे पंधरा एक म्हणजे तीन-तीनचे गठ्ठे सरळ पडतात, त्यामुळे ती संख्या एकशे अकराने भागली जाते. तुमच्या खुणेने माझी मूळ संख्या फुटली, म्हणाल्या.

मी हुशारी दाखवायला म्हटलं, म्हणजे एकांची मोजणी मूळ असली की संख्याही मूळ. त्यांनी सात एक मांडायला लावले. दोनशे एकोणचाळीसने गेला भाग. सात मूळ आहेत, पण सात एक मूळ नाहीत. घाईने काही ठरवू नका, म्हणाल्या. तेवीस एक मूळ आहेत. त्यानंतर थेट तीनशे सतरा. मधे कोणी नाही.

मी म्हटलं, किती एकटी पडली असेल.

"संख्येला काही वाटत नाही," बाई म्हणाल्या. "वाटतं ते माणसाला."

हे थोडं मुद्द्याला सोडून होतं.

जाताना म्हणाल्या, पुस्तक हातात आलं की आपल्या मुलाकडे जाणार, दुसऱ्या शहरात, कायमच्या. मी म्हटलं, अजिबात काळजी करू नका, लवकरात लवकर करून देतो. त्या नुसतं बरं म्हणाल्या. मला वाटलं होतं आनंद होईल.

१२ फेब्रुवारी

कालचं मनाला लागलंय. इतकी वर्षं झाली, माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लागलेलं नाही. काही मुद्रितशोधक शेवटी ती चिठ्ठी चिकटवतात, अमुक पानावर अमुक ऐवजी तमुक वाचावे. मी तसल्या माणसांशी बोलतो, पण आतून नाही.

या पुस्तकाला लागू देणार नाही.

१८ फेब्रुवारी

ओळंबा सकाळपासून इरेला पेटलाय. उरलेले दोन त्याला सहन होत नाहीत. सोळाची ओळ केली, तेरा उरले. अठराची केली, अकरा उरले. विसाची केली तर सतरा उरले आणि पान आणखीच वाईट दिसायला लागलं. बाई त्याच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. इतक्या खुशीत त्यांना मी पाहिलं नव्हतं. शेवटी त्याला म्हणाल्या, कितीही ओढाताण केलीस तरी ओळी सारख्या पडायच्या नाहीत, पडल्या तर ती मूळ संख्या कसली. "चौकोन नीट बसला तर हाक मार. मी गणित सोडून देईन."

दुपारनंतर तो शरण आला. पुन्हा एकवीसच्या ओळी, अक्षर थोडं लहान, सोळावी ओळ त्याच पानावर. तिच्यात दोनच एक, डाव्या कोपऱ्यात. ओळंबा म्हणतो, हे पान माझ्या नावावर सांगू नका.

२२ फेब्रुवारी

गणिताचं पुस्तक जोडीने वाचावं लागतं. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. छापखान्यात दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून बाईच वाचायला बसल्या.

संख्येचं पान आलं. बाई म्हणाल्या, हिच्यात तुमच्यासाठी एक सोय आहे. आकडे आपापसांत कसेही बदलले तरी काही बिघडत नाही. उलटी वाचा, तीच. मधूनच वाचा, तीच. मी म्हटलं, आयुष्यभर अशाच मजकुराची वाट बघत होतो. फक्त कोणी कमीजास्त होता कामा नये, त्या म्हणाल्या.

मग एक, एक, एक. मी तपासत गेलो. माझी बेरीज पहिल्यांदा तीनशे एकोणीस आली, मग तीनशे चौदा. बाई न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या तोंडचा कुठलाही एक आधीच्यासारखा येत नाही. एक सावकाश, एक विचार करून, एक असा की पुढे काहीतरी सांगणार आहेत. त्यात मोजणी सुटते. तिसऱ्या वेळेला जुळलं.

पंख्याचा आवाज फार होता. ओळंब्याला तेल घालायला सांगितलंय.

२६ फेब्रुवारी

ताई म्हणाली, हल्ली शर्टाला इस्त्री करतोस. मी म्हटलं, बाहेरचं माणूस येतं कामाला. ती म्हणाली, ह्याआधी दोन मंत्री आले होते छापखान्यात, तेव्हा तू बाह्या फाटलेला घालून गेलास. मी म्हटलं, त्यांच्या भाषणात चुकाच चुका होत्या.

ताई माझ्याहून मोठी आहे आणि वहिनी आणायचं काम माझ्याकडून झालं नाही याचा राग तिने अजून सोडलेला नाही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिने विचारलं, तुझ्या त्या एक-एकवाल्या बाई बोलायला कशा आहेत. मी म्हटलं, नेमकं बोलतात. ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होती.

३ मार्च

तिसरं प्रूफ. बाईंनी सातव्या प्रकरणात 'म्हणून'चं 'म्हणूनच' केलंय, चौदा ठिकाणी. म्हणजे पुन्हा सगळं जोडीने वाचणं आलं.

९ मार्च

चौथं प्रूफ. 'म्हणूनच'चं परत 'म्हणून'.

मी म्हटलं, बाई, तुमच्यासारख्या काटेकोर माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. अशाने महिनाअखेरीला पुस्तक होत नाही. त्या म्हणाल्या, असं म्हणता. आणि दोन स्वल्पविराम काढले.

चहाच्या वेळी एक गोष्ट सांगितली. एकाला या संख्येने भागलं तर काय येतं? दशांशचिन्हापुढे आधी शून्यच शून्य, तीनशे सोळा शून्यं. मग एक नऊ. मग पुन्हा तेवढीच शून्यं आणि पुन्हा नऊ, कायमचं. नेमक्या एवढ्याच अंतराने फिरून येणारी दुसरी मूळ संख्या जगात नाही, म्हणाल्या. मी विचारलं, इतक्या शून्यांनंतर एक नऊ येणार, त्याची वाट बघत बसायचं कोणी?

"येणार हे ज्याला माहीत आहे त्याने," बाई म्हणाल्या.

वाक्य बरं वाटलं म्हणून उतरवून ठेवलं. पुस्तकात कुठे बसतं का बघायला हवं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, पुस्तकासाठी नव्हतं.

१४ मार्च

मालक बोलले. सहावं प्रूफ निघालंय, कागद पडून आहे, आता पुरे. तेवढ्यात बाईंच्या मुलाचाही फोन आला. एकतीस तारखेचं तिकीट काढलंय, सामान आधी पाठवायचंय. बाईंनी छापखान्याच्या फोनवरूनच उत्तर दिलं, हो, हो, बांधाबांध चालू आहे. फोन ठेवून खिडकीकडे बघत राहिल्या. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, शब्द देतो, पंचवीसच्या आत पुस्तक तुमच्या हातात. तिकीट वाया जाणार नाही.

त्या म्हणाल्या, "तुम्ही शब्दाचे पक्के आहात. हीच तर अडचण आहे."

मला वाटतं, 'हीच तर गंमत आहे' म्हणायचं असेल.

१७ मार्च

शेवटचं वाचन. हे झालं की सही, आणि सहीनंतर छपाई.

ओळंब्याने पानांचे आकडे खाली घ्यायचे म्हणून रात्रीतून सगळी पानं पुन्हा काढली होती. संख्येचं पान आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं. बाईंनी वाचलं, मी कागदावर रेघा ओढत गेलो. आज एकदाही अडखळलो नाही. पहिल्याच झटक्यात तीनशे सतरा. पंखा दुरुस्त झाल्याचा परिणाम.

बाईंनी सही करायला पान हातात घेतलं. मोजत नव्हत्या. बोट ओळींवरून फिरत नव्हतं. भिंतीवरचं चित्र बघावं तसं नुसतं बघत होत्या. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"अहो, तुम्ही मोजलंत ना?"

मी म्हटलं, मोजलं. तीनशे सतरा.

"नक्की?"

नक्की, म्हटलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग म्हणाल्या, तुम्ही म्हणताय तर ठीक आहे. आणि सही केली.

स्वल्पविरामासाठी भांडणारी बाई. एकदाही स्वतः मोजलं नाही. माझ्यावर एवढा विश्वास अजून कोणी टाकला नव्हता. घरी चालतच आलो.

२० मार्च

काही नाही. छपाई चालू. टेबलावर एक पाकशास्त्राचं पुस्तक आलंय. त्यात चुका पुष्कळ, पण वाचून दाखवायला कोणी लागत नाही.

२४ मार्च

पुस्तक बांधून आलं. पाचशे प्रती, वखारीत रचून ठेवल्यात. मालकांनी पहिली प्रत मला दिली. शब्दाच्या एक दिवस आधी.

जेवणानंतर उघडली. संख्येचं पान फार देखणं झालंय. ओळीखाली ओळ, चारी कोपरे साधलेले, कुठे काही लोंबत नाही. ताईला दाखवलं. ती म्हणाली, विणकामाचा नमुना वाटतो. मी पान लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. ओळंब्याला शाबासकी द्यायची ठरवली.

मग डाव्या कोपऱ्यातले ते दोन एक शोधायला गेलो.

चौकोन बसलाय.

२५ मार्च

ओळंबा म्हणतो, रात्रीतून पानं काढताना त्या पानाची जुनी फाइल उघडली गेली. पहिल्या प्रुफाची, माझी लाल खूण लागलेली. "तुमचेच दोन आहेत," म्हणाला, "मी फक्त ऐकलं." 

आणि मी? मी मोजले होते की. तीनशे सतरा रेघा ओढल्या होत्या. पण त्या प्रुफावरच्या एकांच्या नव्हत्या. बाईंनी हस्तलिखितातून वाचले तेवढे मी मोजले. प्रुफाकडे बघायचं राहिलं. मी बाईंना मोजत होतो.

एक कोडं मात्र सुटत नाही. हे मोजायची गरजच नव्हती. नजर टाकली की कळावं असं आहे. मला नाही कळलं ते सोडा, मी साहित्याचा माणूस. बाईंना कसं नाही कळलं? त्या दिवशी दमल्या असाव्यात. बांधाबांधीत झोप होत नसणार.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "दमल्या असतील हो. तुला समजावून सांगायचं म्हणजे दमणारच माणूस."

२६ मार्च

बाईंच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. दोन खोल्या, भिंतीवरची चित्रं उतरवलेली, जागोजागी खोकी. बसायला मिळालं ते खोकंच. मी पुस्तक पुढे केलं आणि सरळ सांगितलं, दोन एक कमी आहेत, चूक पूर्ण माझी, शुद्धिपत्र छापून घेतो, खाली माझं नाव घालतो.

त्यांनी पुस्तक घेतलं, पण ते पान उघडून बघितलंच नाही. मांडीवर ठेवलं. तुमच्या पुस्तकांना शुद्धिपत्र नसतं ना, म्हणाल्या. मी म्हटलं, नव्हतं. आता असेल.

"नको. चिठ्ठी गळून पडते. मग मागे खोटी संख्या राहते. हाताने घालायचे दोघे. प्रत्येक प्रतीत."

मी म्हटलं, पण पाचशे प्रती, आणि तुमचं एकतीसचं तिकीट. त्यांनी उठून मुलाला फोन लावला. मला ऐकू आलं ते असं: "अरे, एक काम निघालंय. नाही, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. ते तिकीट राहू दे. किती दिवस? ते असं मोजून नाही सांगता येत."

वास्तविक प्रती पाचशे, प्रत्येकीत दोनच एक. शाळकरी हिशेब आहे. मी मधे बोललो नाही, त्यांचं घरचं बोलणं चालू होतं.

फोन ठेवून त्यांनी एका खोक्याची दोरी सोडली आणि आतून दोन कप काढले.

१ एप्रिल

वखारीत काम सुरू. पंधराव्या ओळीखाली बोटभर जागा आहे, तिथे दोन १ काढायचे. मी म्हटलं होतं, अर्ध्या प्रती तुम्ही, अर्ध्या मी. बाई म्हणाल्या, नाही, तसं केलं तर निम्म्या पुस्तकांत तुमचं अक्षर आणि निम्म्यांत माझं, वाचकांशी दुजाभाव होईल. म्हणून प्रत्येक प्रतीत पहिला मी काढतो, दुसरा त्या. मधे शाई वाळू द्यावी लागते. तेवढ्या वेळात त्या काहीतरी सांगतात, किंवा मी. आज त्यांचा कॉलेजातला पहिला दिवस झाला. माझं बालपण उद्या.

दिवसभरात अकरा प्रती झाल्या. मालक येऊन ढिगाकडे बघून गेले.

संध्याकाळी ताईने विचारलं, उद्यापासून डबा दोन माणसांचा देऊ का. मी म्हटलं, दे, काम लांबेलसं दिसतंय.

४ एप्रिल

मालकांनी ओळंब्याला कामाला लावलं. त्याने रबराचा शिक्का करून आणला, दोन १ शेजारी शेजारी, छापलेल्या अक्षराशी तंतोतंत जुळणारे. तासाभरात सगळ्या प्रती होतील, म्हणाला. चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव.

बाईंनी शिक्का हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला. म्हणाल्या, शाई पसरेल. ओळंबा म्हणाला, नाही पसरणार, मी करून बघितलंय. बाई म्हणाल्या, या कागदावर पसरेल. दोघे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तपासून सांगतो.

शिक्का आणि एक खराब झालेली प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आलो. भिंग काढलं. ठसा उमटवला. स्वच्छ उमटला. पुन्हा उमटवला, जोर देऊन, मग हलक्या हाताने. कडेने उजेडाकडे धरून बघितला. सुरेख काम. कुठे एक तंतूसुद्धा फुटला नव्हता. तो पंधराव्या ओळीखाली इतका नेमका बसला की मला स्वतःला शोधून सापडला नसता.

थोडा वेळ बसून राहिलो. काय विचार केला ते नीट आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. शिक्का खणात ठेवला. वखारीत परत गेलो आणि म्हटलं, पसरते.

एवढ्या वर्षांत बरोबर असलेल्या गोष्टीवर जाणूनबुजून चुकीची खूण केल्याचं हे पहिलंच उदाहरण. वाईट वाटायला हवं होतं. वाट बघितली, आलं नाही.

ओळंबा काही म्हणणार होता. बाईंनी पुढची प्रत माझ्यासमोर सरकवली, पान उघडून, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आता वाद नको. ह्यांनी तपासलंय."